नगारा वाजला तेव्हा ऊन होते

पहाट फुटली तरी भैरवटोकाचा पायथा धुक्यातच होता. वर मात्र महादरवाजाचे दोन्ही बुरूज, सदरेचे कौलारू छप्पर आणि ज्या उघड्या खडकावरून दोषी माणसाचा कडेलोट करीत तो पूर्वेचा कडा, एवढे सगळे तांबूस उजेडात स्पष्ट दिसू लागले होते. अडसर सरकला, दरवाजा कुरकुरला आणि खालच्या मुलखातले मानकरी एकामागोमाग एक गड चढू लागले. आज सदरेवर टोकेकर घराण्याची बखर वाचली जाणार होती, आणि तिच्यावरून जहागिरीचा नवा धनी ठरणार होता.

बखर लिहिणाऱ्या म्हाळसाबाई महिनाभर स्वतःच्याच महालात कोंडलेल्या होत्या. कैद हा शब्द अर्थातच कोणी उच्चारत नसे. "वहिनीसाहेबांच्या रक्षणासाठी" दारावर भालाईत बसवले आहेत, असे त्यांचे चुलत दीर आनंदराव मोठ्या आदबीने सांगत. असल्या रक्षणाची गंमत एवढीच, की त्याची कडी बाहेरून असते.

म्हाळसाबाई कारभाऱ्याची लेक. वडिलांच्या मांडीवर बसून मोडी गिरवली, सासरी आल्यावर घराण्याची बखर हाती घेतली, आणि ती अशी लिहिली की लोक वचकून असत. पतीचा पराभव त्यात होता, आणि सख्ख्या वडिलांनी घेतलेली लाचही होती. त्यामुळे मुलखात बाईंच्या शब्दाला तोड नव्हती, आणि नेमका तोच शब्द आनंदरावांना हवा होता.

महिन्यापूर्वी बाईंचे यजमान, जहागिरीचे निपुत्रिक धनी रायाजीराव, जखमी होऊन गनिमापुढे माघार घेत आपल्याच गडाच्या दरवाजाशी आले, तेव्हा दरवाजा बंद होता. मावळतीचा नगारा झाला की महादरवाजा लागतो आणि उजाडेपर्यंत प्रत्यक्ष धन्यालाही उघडत नाही, हा भैरवटोकाचा कायदा होता. बाईंचा धाकटा भाऊ निंबाजी त्यांना पाठीवर घेऊन दार ठोठावत राहिला. सकाळी दार उघडले तेव्हा रायाजीराव उंबऱ्यापाशी थंड पडले होते, आणि निंबाजीच्या हातात बेड्या पडल्या. त्याने गनिमाशी संधान बांधून मेहुण्याला सापळ्यात नेले, असा आरोप आनंदरावांनी ठेवला. बखरीत तो उतरला, की मानकरी जहागीर त्यांच्याच हाती देणार होते.

"आपण बखरीत तेवढे लिहावे, वहिनीसाहेब," आनंदराव म्हणाले होते. "निंबाजीला आम्ही जिवंत सोडू. हद्दपार करू. न लिहाल, तर कडा कुठे पळून गेलेला नाही."

"आणि लिहिल्यावर त्याला सोडाल कशावरून?"

"आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून आपल्याला दुसरे काय उरले आहे?"

बाईंनी भावाला भेटण्याची परवानगी मागितली. त्यांची खात्री होती, निंबाजी म्हणेल, आक्का, माझ्यासाठी खोटे लिहू नकोस. बहिणींना असली खात्री असतेच. पण अंधारकोठडीच्या गजांना धरून निंबाजी लहान पोरासारखा रडला.

"आक्का, लिही गं! फितूर म्हणोत, काही म्हणोत. माझी लेक अजून रांगतेय. मला जगायचंय!"

बाई महालात आल्या आणि त्यांनी खोटे पान लिहिले. अक्षर नेहमीसारखे वळणदार आले, आणि त्या अक्षराचा त्यांना संताप आला. चिटणीस विसाजीपंतांनी पान ओळीओळीने तपासले आणि समाधानाने मान हलवली.

आता सदर भरली. बाई चिकाच्या पडद्याआड बसल्या. पुढ्यात ते पान. चिकाच्या फटीतून समोरचा कडा दिसत होता. खडकाच्या टोकाशी निंबाजी उभा, दोन्ही बाजूंना दोन मारेकरी. आनंदरावांचा शेला हलला की ढकलायचे, एवढाच त्यांना हुकूम. बाईंनी वाचायला पान उचलले, आणि खरोखर तेच वाचायचे असे त्यांच्या मनात होते. इथवर धैर्याचा लवलेश नव्हता, होती फक्त भीती.

पण लबाड माणसाला आपल्या लबाडीवर नेहमीच एक खिळा जास्त ठोकायची हौस असते. मानकरी उद्या शब्द फिरवतील, या धास्तीने आनंदरावांनी तबक मागवले. तबकात बेलाची पाने आणि भंडारा.

"मंडळी, भैरवाचा बेलभंडारा उचला," ते म्हणाले. "बखर पुरी होईतो कोणी बोलणार नाही, कोणी जागचा उठणार नाही, कोणी वाचन थांबवणार नाही. आणि बाईसाहेबांच्या मुखातून जे ऐकू, तेच खरे मानून वागू."

बेलभंडारा उचललेला माणूस शब्द मोडत नाही; मोडला तर त्याच्या घरचे पाणी कोणी पीत नाही. एकेकाने पाने उचलली. कोणाला शंका नको म्हणून सर्वांत शेवटी आनंदरावांनी स्वतःही उचलली.

पडद्याआड म्हाळसाबाईंनी शपथेचा शब्दन्शब्द ऐकला. महिनाभर त्या दार शोधत होत्या, आणि ते बाहेरच्यांनीच किलकिले केले होते. दगा झाला तर भाऊ जाणार होता. त्यांनी एकदा कड्याकडे पाहिले, पान पालथे ठेवले आणि वाचू लागल्या.

"श्रीभैरव प्रसन्न. त्या दिवशी मी पश्चिमेच्या खिडकीत लिहीत बसले होते. दिव्याच्या उजेडात मी लिहीत नाही. मावळतीचा नगारा झाला की लेखणी ठेवते. त्या दिवशी नगारा झाला तेव्हा माझ्या कागदावर ऊन होते. चांगले पिवळे, अर्धे पान भरून. मी मनाशी म्हटले, आज नगारा लवकर झाला, आणि सवयीने लेखणी ठेवली. मग दरवाजाकडून यजमानांची हाक आली. मी धावले, तो माझ्या दाराला बाहेरून कडी होती. दिवस वर असताना नगारा वाजवायला लावून दरवाजा बंद करणारे माझे दीर आनंदराव. निंबाजी रात्रभर दार ठोठावत होता. मी आतून ऐकत होते."

आनंदरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना ओरडायचे होते, पण हातात बेल होता. त्यांनी शेल्याकडे हात नेला, तोच शेजारी बसलेल्या वृद्ध हैबतराव देशमुखांनी त्यांचे मनगट धरले. देशमुख उठले नाहीत, बोललेही नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी फक्त आपल्या मुठीतली बेलपाने आनंदरावांच्या डोळ्यांपुढे धरली. शेला हलला नाही.

"येथे बखर पुरी झाली," पडद्याआडून आवाज आला.

आता बोलायला मोकळीक होती. हैबतराव सावकाश उभे राहिले.

"त्या दिवशी आमची गुरे अजून माळावर होती," ते म्हणाले. "नगारा मीही ऐकला होता, मंडळी. मला वाटले, म्हातारपणी माझेच काही चुकत असेल."

"आम्हीही ऐकला," कोणी म्हणाले. मग दुसरे. कानांनी सर्वांनीच ऐकले होते; तोंड उघडायला मात्र एका कोंडलेल्या बाईचा आवाज लागला.

दिवस मावळायच्या आत आनंदराव एका वस्त्रानिशी महादरवाजाबाहेर गेले आणि दरवाजा त्यांच्या पाठीमागे लागला. निंबाजीच्या बेड्या तुटल्या. तो बहिणीच्या पायांवर पडला, तेव्हा त्याला वर उठवताना बाई एवढेच म्हणाल्या, "तुझा जीव पणाला लावला रे मी. तुला न विचारता." तो त्यांचा हात धरून बसला.

दत्तक होईपर्यंत जहागिरीचा कारभार मानकऱ्यांनी म्हाळसाबाईंकडे सोपवला. पहिला हुकूम त्यांनी नगारजीला दिला. तो माफी मागायला आला होता, हुकमाचा ताबेदार म्हणून रडत होता. यापुढे नगारा कोणाच्या सांगण्यावरून वाजायचा नाही, बाईंनी बजावले. पश्चिमेच्या खिडकीकडे पाहायचे. कागदावरचे ऊन गेले आणि बाईंनी लेखणी ठेवली, की मगच टिपरी उचलायची.

पुढे कित्येक वर्षे भैरवटोकावर तसेच चालले. बखर वाढत गेली. पण एखाद्या संध्याकाळी ऊन जाई, डोंगर काळे पडत, तरी खिडकीतली लेखणी खाली येत नसे. बाई दरवाजाकडे येणाऱ्या वाटेकडे पाहत बसलेल्या असत. कोणी मागे राहिले असेल तर येऊ दे, म्हणून. खाली नगारजी हातात टिपरी घेऊन मुकाट्याने थांबे, आणि दरवाजा उघडा राही.