धाकटीचा वास

हिंगाच्या डबीत जनुकवाचकाचं टोक बुडवून मृण्मयी म्हणाली, "आई, यात अर्ध्याहून जास्त मैदा आहे."

"झाकण उघडल्याबरोबर कळलं होतं मला," चारुशीलाबाई म्हणाल्या. "नाक कशाला दिलंय?"

आंबोलीतल्या त्या स्वयंपाकघरातली ती शेवटची साधी सकाळ. पेनाएवढा जनुकवाचक आता घरोघरी होता. टोक लावलं की वस्तू कोणत्या जीवाची ते सांगायचा.

चहा झाल्यावर बाईंनी कातळावरून आणलेल्या दोन यकृतका, शेवाळाच्या जातकुळीतल्या वनस्पती, बशीत ठेवल्या. खरी मुळं नाहीत, फुलं नाहीत. ओल्या दगडाला चिकटून पसरणाऱ्या नुसत्या हिरव्या पट्ट्या. एकीला त्या थोरली म्हणत, दुसरीला धाकटी. भिंगाखाली दोघी सारख्याच. वाचकाच्या मते तर प्रजाती एकच.

"तो जनुकांचे ठरावीक तुकडेच वाचतो गं," बाई म्हणाल्या. "फरक न वाचलेल्या तुकड्यात असला तर?"

वेगळी प्रजातीच नाही म्हणून धाकटी आता संरक्षित वनस्पतींच्या सूचीतून वगळली जाणार होती. मग तो कातळ फोडायला कोणाचीच आडकाठी राहणार नव्हती. आक्षेपासाठी फरक स्वतः ओळखणाऱ्या दोन माणसांची साक्ष लागे.

बाईंनी दोन्ही चिरडून बोटं लेकीच्या नाकाशी धरली. ती लहान असल्यापासून त्या अशीच धरत आल्या होत्या.

"आला फरक?"

"हो, आला," मृण्मयी नेहमीसारखंच म्हणाली.

"मग उद्या साक्ष दे. माझी देऊन झाली."

दुसऱ्या दिवशी बाई उठल्याच नाहीत.

महिन्याभराने बाईंचे वनस्पतिशास्त्र विभागातले जुने सहकारी केळुसकर यांचा फोन आला. "मुदत संपत आली, मृण्मयी. तुझीच साक्ष राहिलीय. आणि खरं तेच सांग हं. तिथे नुसती माया चालत नाही."

ती एकटीच कातळावर गेली. साक्षीसाठी वाचकातलं ध्वनिमुद्रण सुरू केलं. थोरलीचा तुकडा चिरडला. ओल्या मातीचा वास. मग बाईंनी रंगवलेल्या निळ्या खुणेखालची धाकटी दुसऱ्या हाताने चिरडली, बोटं नाकाशी नेली आणि ती तिथेच खाली बसली. कापरासारखा, किंचित आल्यासारखा. तापात कपाळावर हात ठेवला जायचा, तेव्हाचा वास.

मुद्रणाचा दिवा लुकलुकत राहिला. वाचक तोंडाशी धरून ती बोलली.

"आई, मला फरक कधीच आला नव्हता. तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचे मी. दोन्हींना एकच वास यायचा, आणि मला वाटायचं, तो तुझ्या हातांचा आहे. आता तू नाहीस. मग तो इथे, फक्त धाकटीला कसा गं?"