न बघण्याचा उपचार

मिरजेतल्या एका मज्जासंशोधन केंद्रात, तिसऱ्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर अकरा महिने एकच ओळ उमटत होती : ‘बदल नाही.’ दर तासाला एकदा. डॉ. उर्मिला केळुसकर ती दर तासाला वाचत. औषधाचा परिणाम तपासणारं हे यंत्र, म्हणजे पालटदर्शक, त्यांनीच बनवलं होतं. ज्या रुग्णाला ते जोडलं होतं ते दिनकरराव त्यांचे पती होते. तबलजी माणूस. कार्यक्रमाहून परतताना जीप उलटली आणि दोन्ही पाय लुळे पडले.

“उर्मिलाताई, दोष औषधात नाही,” सहकारी डॉ. मुजावर म्हणाले. “दोष तुमच्या यंत्रात आहे.”

“माझं यंत्र एकदाही चुकलेलं नाही.”

“तोच घोळ आहे. औषधातल्या पालटरेणूनं रूप बदललं की तुटलेला मज्जातंतू सांधतो. पण हा बदल पुंजभौतिकीच्या नियमानं होतो. पुरा व्हायला सलग तीन दिवस लागतात. मध्येच ‘बदललास का?’ म्हणून तपासलं, की रेणू मूळ रूपावर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही दर तासाला विचारताय. आमची अम्मी म्हणते, विरजण सारखं हलवून बघणाऱ्याला दही मिळत नाही.”

“पुरावा?”

“कोकणातल्या केंद्रात एका रुग्णाचं यंत्र आठवडाभर बंद पडलं होतं. तो आता चालतो.”

तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाला उर्मिलाबाईंनीच फोनवरून फैलावर घेतलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण यंत्र त्यांनी हौसेनं लावलेलं नव्हतं. दहातल्या तिघांत रेणू उलटा पालटे आणि तो तंतू कायमचा मरे. वेळेत कळलं तर उतारा देता येईल, हा त्यांचा हिशेब. न बघायचं म्हणजे उताऱ्यावर पाणी सोडायचं.

“आणि उलटा पालटला तर?”

“तर पालटला. बघत राहिलात तर धोका नाही, ताई. पण मग आशाही नाही.”

दिनकरराव ऐकून हसले. “अगं, काढून टाक की ते! अकरा महिने माझ्याकडं कमी आणि पडद्याकडं जास्त बघितलंयस.”

दोन पायांच्या दोन तारा उर्मिलाबाईंनी स्वतःच्या हातांनी काढल्या. मनातून त्या भयंकर घाबरल्या होत्या. त्यांनी दिनकररावांना घरी आणलं.

पंधरा दिवस गेले. पाय होते तसेच होते. मुजावर घरी आले आणि पलंगाशी बसले.

“दिनकरराव, तुम्ही पायाचा अंगठा हलवून बघता का?”

दिनकररावांनी छताकडं पाहिलं. “बघतो की. दिवसातनं चाळीस-पन्नासदा. दुसरं काय करणार माणूस?”

“मेंदूचा हुकूम त्या रेणूपाशीच जाऊन धडकतो. तीही तपासणीच झाली.”

“मग काय विसरून जाऊ? विसर म्हटलं की नेमकं तेवढंच आठवतं, डॉक्टर!”

उर्मिलाबाईंनी मग दिनकररावांना शिष्य म्हणून खांडेकर शोधून आणले. निवृत्त तहसीलदार, वय सदुसष्ट, तबल्याची हौस दांडगी आणि तालाशी सात जन्मांचं वैर. ते रोज सकाळी दहाला येत आणि सव्वादहाला दिनकरराव खवळलेले असत.

“साहेब, तीनतालात मात्रा सोळाच! ही सतरावी कुठनं पैदा केलीत?”

दुपारी दिनकरराव त्या चुका आठवून हसत, संध्याकाळी उद्याचा पाठ काढत. अंगठ्याचं नाव निघेना.

आठव्या दिवशी खांडेकर चक्क समेवर आले. “वा!” दिनकरराव ओरडले. उर्मिलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. चादरीबाहेर आलेला दिनकररावांचा डावा अंगठा ठेक्याबरोबर वर-खाली होत होता. त्यांचं स्वतःचं तिकडं लक्षच नव्हतं.

उर्मिलाबाईंच्या ओठांवर हाक आली होती.

उजवा अंगठा निश्चल होता. त्या बाजूचा पालट अजून व्हायचा होता, किंवा उलटा होऊन गेला होता. तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि डाव्याचं सांगितलं असतं, तर दिनकररावांनी त्याच क्षणी उजवा हलवून बघितला असता.

त्यांचे डोळे भरून आले. असा आनंद त्यांना वर्षभरात झाला नव्हता. कप ठेवून त्यांनी पलंगाच्या पायथ्याकडं पाठ होईल अशी खुर्ची ओढली.

“खांडेकर, पुन्हा एकदा वाजवा ना,” त्या म्हणाल्या. “छान चाललं होतं.”