तेरा नंबरचे दोघे

लोक पहिल्या भेटीत फूल देतात, चॉकलेट देतात, गेला बाजार एखादं पुस्तक तरी. त्याने माझ्या हातात दिली ती प्लास्टिकची डबी. झाकण घट्ट लावलेली, दोन पिशव्यांत गुंडाळलेली. आत काय होतं ते सांगायला नकोच.

"ही... कुठे ठेवायची?" त्याचे कान लालबुंद झाले होते.

आमच्या प्रयोगशाळेत शहरभरातल्या उलट्या-जुलाबांचे नमुने येतात. बहुतेक साथींमागे एकच चोर असतो, नोरोव्हायरस. पण या चोराचे प्रकार अनेक. कुठल्या माणसात कुठला प्रकार सापडला ते संगणकावर ताडून पाहायचं, म्हणजे कोणाचा आजार कोणाकडे गेला ते कळतं. हे माझं काम. डब्या घेणं माझं काम नव्हे. पण त्या गुरुवारी खिडकीवरचा कारकून जेवायला गेला होता आणि मी नेमकी तिथून चालले होते.

"आणा इकडे." मी फॉर्म पुढे ओढला. "काम काय करता?"

"आचारी. शाळेच्या स्वयंपाकघरात."

माझं पेन थांबलं. ती शाळा आता सगळ्या शहराला माहीत होती. सोमवारी तिथली एकसष्ट मुलं एकदम आजारी पडली होती.

"म्हणजे ते... तुम्ही?"

"हो, मीच तो राक्षस." तो हसला खरा, पण बोटं मात्र रिकाम्या पिशवीला गाठ मारत होती, सोडत होती. "मुलं सोमवारी पडली. मला मंगळवारी सुरू झालं. तडक घरी गेलो. पण ऐकतंय कोण? दवाखान्यातल्या झटपट तपासणीत नोरोव्हायरस निघाला, झालं, मीच तो मुलांना वाढला. येत्या मंगळवारी दहा वाजता शाळेच्या समितीपुढे निर्णय आहे. नोकरी जाईल ती जाईल... पण त्या पोरांना मी नावानिशी ओळखतो हो. वाटाणे कोण ताटाखाली लपवतं, दुसऱ्यांदा रांगेत कोण घुसतं, सगळं."

 मी फॉर्मच्या पुढच्या रकान्याकडे वळले.

"निकटच्या संपर्कातल्या व्यक्ती?"

"ताई आणि तिचं तान्हं बाळ. तेही आजारी होतं. आता गावाला गेली दोघं."

"आणखी कोणी? म्हणजे... अगदी निकटचं?"

"नाही. सध्या तरी नाही," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

ते 'सध्या तरी' माझ्या डोक्यात असं काही घुसलं की मी डबीवर स्वतःच्या हाताने नंबर लिहिला, सत्तावीस, आणि डबी घेऊन आत निघून आले. नमुना देणाऱ्याने समोर सही करायची असते. ती घ्यायची राहिली. नऊ वर्षांत एकदाही न केलेली चूक मी त्या दिवशी केली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

शुक्रवारी दुपारी तो फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेला दिसला.

"निकाल सांगता येत नाही हं," मी लांबूनच म्हणाले.

"निकाल कोण विचारतंय? तुम्ही जेवलात का, एवढंच विचारायला आलो."

"एवढ्यासाठी इतक्या लांब?"

"आचाऱ्याला दुसरं काय विचारता येतं?"

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बसायला नको होतं. ज्याचा नमुना आत यंत्रापाशी रांगेत उभा आहे, त्याच्याशी गप्पा मारू नयेत हे मला समजत होतं. समजत होतं आणि मी बसले होते. त्याने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला. मग ते झाकण हातात धरून अवघडून राहिला.

"तुम्हाला विचारणार होतो... पण नको. माझ्या हातचं आता कोणी पाणीही पीत नाही. काल शेजारच्या काकू दारातूनच परत गेल्या."

मी शहरभर फिरून हात धुण्यावर भाषणं देते. जुलाब थांबले तरी विषाणू पुढे कित्येक दिवस माणसात मुक्काम ठोकून असतो, हे मी लोकांकडून पाठ करून घेते. पण त्याचा तो हात थोडासा मागे जाताना दिसला. मी झाकण घेतलं. सगळा चहा प्यायले.

"साखर जास्त आहे," मी म्हणाले. डोळे का भरून आले ते मलाच कळेना.

"सवय आहे. मुलांसाठी गोड करायची," तो म्हणाला. मग त्याने झाकण थर्मासवर घट्ट फिरवलं.

शनिवारी संध्याकाळपासून मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मुक्कामाला. आई पाठ चोळत विचारत होती, "बाहेरचं काय खाल्लंस?" मी म्हटलं, "काही नाही." आणि ते खरंच होतं, मी खाल्लं नव्हतंच.

आमच्याकडे नियम आहे, कर्मचारी आजारी पडला की त्याचाही नमुना जातो. रविवारी सकाळी आईच माझी डबी देऊन आली. मी अंथरुणात पडून छताकडे बघत होते. जिवाला घोर एकच. त्याच्या डबीतून मुलांचाच प्रकार निघाला तर? मग ते मीच लिहायचं, माझ्याच सहीने. आणि त्याला कळणार तेही माझ्याच कागदावरून.

सोमवारी दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. आमच्या प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून जास्तच भीती वाटते.

"मुलांमध्ये चार नंबरचा प्रकार," बाई म्हणाल्या. "महिनाभर शहरात तोच फिरतोय. सत्तावीसच्या डबीत तेरा नंबर."

"म्हणजे मुलांना त्याच्याकडून नाही गेलं!" मी ताडकन उठून बसले.

"सत्तावीस त्याचा असेल तर. फॉर्मवर सही कुठाय? नंबर तुझ्या अक्षरात आहे. डबी बदलली नाही कशावरून? असला निकाल उद्या दहा वाजता मी कोणत्या तोंडाने समितीपुढे ठेवू? नव्या नमुन्याला दोन दिवस लागतील."

 त्याला वाचवणारा कागद होता, आणि तो माझ्याच हाताने बाद झाला होता.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "तुझ्या नमुन्यातही तेरा नंबर आहे. वर्षभरात आपल्याकडे आलेले तेरा नंबर फक्त दोन. सत्तावीस आणि तू. डबी हाताळताना लागला ना? हात नीट धुतले नाहीस?"

'हो' म्हटलं असतं तर सुटले असते. थोडी बोलणी खाल्ली असती, संपलं असतं. पण मग आजार डबीतून आला असता, आणि डबी कोणाची हा प्रश्न होता तिथेच राहिला असता.

"नाही, बाई. डबीतून नाही... त्याच्याकडून."

"म्हणजे?"

"शुक्रवारी आम्ही चहा प्यायलो. थर्मासच्या झाकणातून. एकाच... झाकणातून."



"तू?" बाई म्हणाल्या. "हात धुण्यावर भाषणं देणारी तू?"

"त्याच्या हातचं कोणी काही घेत नव्हतं, बाई. त्याने झाकण मागे घेतलं... मला बघवलं नाही. आणि मला तो आवडतो."

दारात आई उभी होती. हातात पेजेची वाटी, तोंड उघडं.

"म्हणजे तेरा नंबर त्याच्यातच होता, डबी त्याचीच. हे सगळं आत्ता लेखी पाठव," बाई म्हणाल्या. मग घसा साफ केला. "शेवटचं वाक्य सोडून."

मंगळवारी दहा वाजले, अकरा वाजले. मी फोन उशाशी ठेवला, पालथा केला, पुन्हा उलटला. आई नुसती इकडून तिकडे भांडी ठेवत होती. साडेअकराला बाईंचा दोन ओळींचा निरोप आला. 'आचारी निर्दोष. तू बरी झालीस की महिनाभर खिडकीवर बस. डब्या घे, सह्या घे.'

गुरुवारी मी खिडकीवर बसले. पहिलाच आला तो. कामावर परतण्याआधी एक नमुना द्यायचा असतो. पुन्हा डबी, पुन्हा दोन पिशव्या, पुन्हा लाल कान.

"बाईंनी मला तुमचा कागद दाखवला," तो म्हणाला. "माझ्यामुळे शिक्षा झाली तुम्हाला."

"साखर जास्त होती, त्याची," मी म्हणाले. "फॉर्म भरा. स्वतःच्या हाताने."

त्याने भरला. 'निकटच्या संपर्कातल्या व्यक्ती' पाशी थांबला, कान आणखी लाल झाले, आणि त्याने माझं नाव लिहिलं. सावकाश, न चुकता. पुढचा रकाना होता 'नातं'. तो कोरा ठेवून त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"हे तू लिही," तो म्हणाला.

तू.

 मी लिहिलं, 'ठरतंय'.

मग पेन त्याच्या हातात दिलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि इथे सही. या वेळी मी विसरणार नाही."