दोघांत एक लॅपटॉप

काउंटरवरच्या माणसानं माझा लॅपटॉप चालू केला, पडद्यावरच्या जांभळ्या उभ्या रेघा पाहिल्या आणि लगेच बंद केला.

"ग्राफिक्स कार्ड गेलंय."

"मग ते बदलून द्या ना."

"ते सुटं नसतं मॅडम, मदरबोर्डवरच बसवलेलं असतं. अख्खा बोर्ड बदलावा लागेल. त्यापेक्षा नवीन लॅपटॉप घ्या."

"अहो, पुढच्या महिन्यात माझी ज्युरी आहे."

"मग लवकर घ्या."

दोन हजार दहा सालचा एप्रिल होता. सदाशिव पेठेतल्या त्या सर्व्हिस सेंटरमधला पंखाही गरम वारा फेकत होता. मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक अभ्यासिका, हा माझा प्रोजेक्ट ज्युरीत परीक्षकांपुढे मांडायचा होता. तिच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन बाकांवर कसं उतरेल, हे दाखवणारी चित्रं अजून करायची होती, आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय ती होणार नव्हती.

शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा हसला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"सॉरी... तुम्हाला नाही हसलो. मलाही आत्ताच म्हणाले, नवीन घ्या." त्यानं बॅगेतून आपला लॅपटॉप काढला. माझ्याच कंपनीचा, तेच मॉडेल, तोच करडा रंग. झाकण उघडलं तर पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेला. "गाडीवरून पडला. मी नाही, लॅपटॉप."

"आणि आतलं?"

"आतलं उत्तम. बाहेरचा मॉनिटर जोडला की सगळं झकास दिसतं. तुमचा पडदा?"

"पडद्याला काही झालेलं नाही."

त्यानं एकदा माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा आपल्या. मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे... आपल्या दोघांत मिळून एक चांगला लॅपटॉप आहे."

काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ते बाहेर जाऊन ठरवा."

बाहेर आल्यावर त्या मुलानं नाव सांगितलं. दिगंबर जगदाळे. "आजोबांचं नाव आहे," तो घाईनं म्हणाला. "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या." मी हसले नाही. म्हणजे... थोडीशीच हसले. मग माझं नाव सांगितलं, मैत्री.

तो एमसीए झालेला होता, नोकरी शोधत होता, आणि तोवर घरून लोकांच्या वेबसाइट बनवून देत होता. वडिलांचा मार्केट यार्डात सफरचंदांचा गाळा होता. त्याच्या ओळखीचे शकीलभाई रविवार पेठेत लॅपटॉप दुरुस्त करायचे. त्यांनी त्याचा मदरबोर्ड काढून माझ्या लॅपटॉपमध्ये बसवला, आणि पडद्यावर माझी अभ्यासिका स्वच्छ उमटली.

"पावतीवर नाव कुणाचं घालू?" शकीलभाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "दोघांचं," दिगंबर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तेव्हापासून एक दिवस तो माझ्याकडे, एक दिवस त्याच्याकडे. टिळक रोडच्या एका रसवंतीत आम्ही भेटायचो. तो खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, लॅपटॉप उलटा करायचा, एकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्याची बसवायचा. काम पाच मिनिटांचं. पण रस प्यायला फार वेळ लागायचा.

"बिघडल्यावर तुम्ही काय काय करून पाहिलंत?" एकदा त्यानं विचारलं.

"मैत्रिणीनं सांगितलं, गरम केला की चालतो. मग मावशीच्या हेअर ड्रायरनं..."

"लॅपटॉपचे केस वाळवलेत?"

"दोन दिवस चालला तो त्यावर."

तो इतका हसला की रस सांडला. मी रुमाल पुढे केला. तो घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा थांबली... जरा जास्तच.

"मैत्री," तो म्हणाला, "मला अहो-जाहो करायचा कंटाळा आलाय."

"मग नका करू."

"तूही नको करूस."

"बरं... बघते."

"बघते नाही. म्हण ना — दिगंबर, तू."

"दिगंबर," मी म्हटलं, "तू रस पी. बर्फ वितळतोय."

मेचं ऊन चढत गेलं, आणि ज्युरी चार दिवसांवर असताना पडद्यावर एक बारीक जांभळी रेघ आली. मी घाबरून फोन केला. मॉडेल तेच, म्हणजे दुखणंही तेच. त्याचं कार्डही तापून चाललं होतं.

"बंद कर आणि हात लावू नकोस," तो म्हणाला. "माझे दिवसही आता तूच घे."

"आणि तुझी वेबसाइट?"

"गाळ्यावर जुना कॉम्प्युटर आहे, तो बघतो. पण इतक्या उन्हात तुझी चित्रं पूर्ण होईपर्यंत हे कार्ड टिकणार नाही. त्याला गार ठेवायला हवं. उद्या सकाळी मार्केट यार्डात येशील? आणि... स्वेटर आण."

मे महिन्यात स्वेटर मला कपाटात सापडला नाही.

गाळ्यामागे त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं. जाड दार ढकलून आत गेलो तसा गारठा अंगावर आला, आणि त्याबरोबर सफरचंदांचा गोड, ओलसर वास. भिंतीपर्यंत पेट्याच पेट्या. वजनकाट्याच्या प्लगला त्यानं लॅपटॉप जोडला, दोन पेट्या एकावर एक ठेवून टेबल केलं आणि मला बसायला गोणपाटाची घडी दिली. मी कुडकुडायला लागले तेव्हा बाहेर जाऊन एक जाड शाल घेऊन आला आणि माझ्या खांद्यांवर टाकली.

एकेक चित्र पूर्ण व्हायला कितीतरी वेळ लागायचा. आम्ही पडद्याकडे बघत बसायचो. भिंत उजळायची, मग बाक, मग खिडकीतून आलेलं ऊन... रेघ मात्र पुन्हा दिसली नाही.

"हे ऊन खरंच असं येईल?" त्यानं विचारलं.

"पूर्वेकडे खिडक्या ठेवल्यात म्हणून येईल. पहाटे उठून अभ्यासाला येणाऱ्या मुलांसाठी."

तो बराच वेळ ते चित्र बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार होता... तेवढ्यात दार उघडलं.

दारात पांढरा पायजमा-शर्ट घातलेले, भारदस्त मिशांचे गृहस्थ उभे होते.

"बाबा," दिगंबर ताडकन उठला. "ही मैत्री. हिचं कॉलेजचं काम आहे. लॅपटॉप तापतो, म्हणून इथे..."

ते पडद्याजवळ येऊन वाकले. "काय बांधताय हे?"

"अभ्यासिका. ताडीवाला रोडला."

"हं." मग माझ्याकडे वळून, "आडनाव काय तुमचं?"

हा प्रश्न लहानपणापासून ओळखीचा आहे. त्याचं उत्तर द्यायला आवाज खाली आणायचा नाही, हे आमच्या बाबांनी शिकवलेलं.

"ओव्हाळ," मी म्हटलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यांवरच्या शालीकडे. ती त्यांचीच असावी.

"थंडी बाधेल," ते म्हणाले. "चहा पाठवतो."

चहा आला. आम्ही तो पिऊन टाकला. पण दिगंबर नंतर फार बोलला नाही. संध्याकाळी त्यानं लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला, बाहेरच्या उकाड्यात त्याला पाणी सुटू नये म्हणून, आणि मला स्वारगेटपर्यंत गाडीवर सोडलं. त्याच्या वडिलांना काय वाटलं, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

ज्युरी चांगली झाली. परीक्षकांतल्या एका बाई खिडक्यांच्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "इथे मला बसून वाचावंसं वाटतंय." मी पहिला फोन दिगंबरला केला. "माहीत होतं," तो म्हणाला, आणि फोनवरही मला त्याचं हसू दिसलं.

दोन दिवसांनी लॅपटॉप त्याच्याकडे असताना पडदा काळा झाला तो झालाच. रसवंतीत त्यानं माझी हार्ड डिस्क कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"संपलं," तो म्हणाला.

"हो... आता?"

"आता..." त्यानं मान हलवली. "बघू."

रस त्यानं एका दमात संपवला. उठला, गेला. आणि त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही, मिस कॉलसुद्धा नाही. भेटायला कारणच उरलं नव्हतं. मीही फोन केला नाही. कोल्ड स्टोरेजमधलं ते 'आडनाव काय' मनात पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, आणि वाटायचं, बरं झालं, लवकर कळलं. तसं वाटून घ्यायला बराच जोर लावावा लागायचा.

आठवडा उलटला. एका संध्याकाळी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या खाली त्याची गाडी थांबली. मी गॅलरीतून पाहिलं आणि चप्पल न घालताच खाली गेले. तो जरा वाळल्यासारखा दिसत होता. पाठीवर बॅग नव्हती, हातात काही नव्हतं.

"माझं काही राहिलंय का तुझ्याकडे?" मी कोरडेपणानं विचारलं.

"नाही. मी बाबांना सांगितलं."

"काय?"

"की मला मैत्री आवडते. लग्न करीन तर तिच्याशीच."

"मला विचारायच्या आधी?"

"हो. तुला आधी विचारलं असतं, तू हो म्हणाली असतीस, आणि मग घरी मी कच खाल्ली असती तर... ते मला सहन झालं नसतं. म्हणून अवघड ते आधी केलं."

वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"आणि? काय म्हणाले?"

"आठवडाभर काहीच नाही. मी ताटावर बसलो की ते उठायचे. मग मीही जेवायचो नाही. आज सकाळी पेट्या उतरवताना मध्येच म्हणाले, 'त्या पोरीचं ते बांधकाम पास झालं का?'"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचारून येतो."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "म्हणजे त्यांचं हो आहे?"

"नाही. पण नुसतं नाहीही नाहीये. वेळ लागेल, मैत्री. आईचं तर अजून काहीच कळत नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर... तर मी उगाच उपाशी राहिलो."

संध्याकाळचा वारा सुटला होता. अनवाणी पायांना फरशी अजून गरम लागत होती. मी त्याचा हात धरला.

"हो," मी म्हटलं.

"कशाला हो?"

"तू अजून मला विचारलेलं नाहीस, त्याला."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. तो काही बोलणार, तोच मी त्याला जिन्याकडे ओढलं. "वर चल. माझे बाबा घरी आहेत."

"आत्ता? मी काय बोलू?"

"तुझ्या बाबांना तू एकट्यानं सांगितलंस. माझ्या बाबांना दोघं मिळून सांगू."

पहिल्या मजल्यावर तो थांबला, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. आमचं दार उघडंच होतं. आतून बाबांचा आवाज आला, "कोण आहे गं, मैत्री?"

दिगंबरनं हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही, आणि तसेच आम्ही आत गेलो.