थडग्यांच्या वळणावर दुसरा गिअर

ही गोष्ट खोटी निघाली तर माझे उरलेले तीन दात उद्याच्या पावात रुतून पडोत. हसू नकोस बेकतुर, दारापाशी तू बसलायस. आत काही आलंच तर आधी तुलाच विचारेल.

एसेनगुल म्हणजे माझ्या बायकोचा मावसभाऊ. आमच्या आत-बाशीच्या खोऱ्यात जुनी मोटारसायकल नुसती खोकली तरी लोक त्याच्याकडे धावतात. दोन वर्षांपूर्वी, चौदा नोव्हेंबरच्या दुपारी, ओरोझ आपली बाजूला पाळणा जोडलेली जुनी रशियन गाडी रखडवत त्याच्या अंगणात घेऊन आला. ओरोझ वयाने लहान, म्हणून एसेनगुलला बायके, म्हणजे दादा, म्हणे.

"बायके, गिअर पडत नाही. पडला तर निघत नाही. उद्या थोरल्याचं वर्षाचं जेवण, मेंढरं आणायचीत. आजच दुरुस्त कर."

"गाडी नीट करतो. तुझं तोंड मात्र माझ्या हाताबाहेरचं आहे," एसेनगुल म्हणाला.

थोरला म्हणजे कालीबेक. बापाच्या कुरणावरून दोघा भावांचं जुनं वैर. त्याच्या वर्षभर आधी, एका रात्री, याच गाडीवर तो पुढे, ओरोझ पाळण्यात, असे दोघे येत होते. गावाबाहेर, थडग्यांच्या वळणावर कालीबेक मेला. क्लचची तार तुटली, उतारावर गाडी आवरली नाही, जबडा दगडावर आपटला... असं ओरोझ सांगे. दुसरं सांगणार कोण? प्रेताला आंघोळ घालणाऱ्यांना दिसलं, समोरचा सोन्याचा दात गायब. लोकांनी रस्ता चाळला. नाही मिळाला.

एसेनगुल कामाला लागला. क्लचचा दांडा दाबला, ढील बरोबर. तार ओढून पाहिली, नवी, सुळसुळीत. क्लचच्या चकत्या काढल्या, नखाने खरवडल्या, चिकटलेल्या नाहीत. गिअरपेटीतलं तेल काढलं आणि बायकोच्या जुन्या ओढणीतून गाळलं, कारण लोखंडाचा चुरा निघाला तर दातरं गेली समजायचं. ओढणी स्वच्छ. बायको मात्र तापली, ते वेगळं. नवं तेल भरून पाय मारला... पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यात सुरी.

"अरे, हिला काही झालेलं नाही!"

"इथे नाहीच होत, बायके. वळणावर होतं. फक्त तिथे."

पाना शोधायला एसेनगुलने पाळण्यातली गादी उचलली. खाली जुनी तार गुंडाळून ठेवलेली. त्याने टोक दिव्यापुढे धरलं आणि खो खो हसला. आमच्या घराण्याची जीभच अशी, डोक्याच्या आधी धावते.

"ओरोझ, ही तुटली कुठे? तुटलेली तार केरसुणीसारखी पिंजते. ही तर पकडीने कापलीय, कोकराची शेपटी कापावी तशी!"

ओरोझही हसला. जरा उशिराने.

"चल," तो म्हणाला. "वळणावर नेऊन दाखवतो. तू चालव, मी पाळण्यात बसतो."

"रात्री?"

"सकाळी पाहुणे येतील, बायके."

साडेअकराला निघाले. चंद्र नव्हता. बर्फ भुरभुरत होतं. ओरोझ एसेनगुलच्या उजव्या हाताला, पाळण्यात, गुडघ्यांवर पोतं घेऊन. पोत्यात काय ते एसेनगुलने विचारलं नाही. पोतं विचारण्यासारखी वस्तू आहे का?

आता सांगा, थडग्यांपुढून जाताना आपण काय करतो? दोन्ही हात सोडून तळवे तोंडावरून खाली, आणि ओमीन. निम्मे ड्रायव्हर त्या ओमीनपायीच रस्ता सोडतात. पुरायला लांब न्यावं लागत नाही, तेवढीच सोय.

वळण आलं. एसेनगुलने वेग कमी केला. दुसऱ्यावरून पहिल्यावर आणायला डाव्या हाताने क्लच दाबला.

दांडा दगड झाला.

पुन्हा दाबला. हलेना. बोटांखाली काहीतरी होतं. मऊ. गार. आतून बाहेर रेटणारं... जसा कुणाचा हात.

"बायके," ओरोझ शेजारून म्हणाला. "थडगी आली. हात सोड. ओमीन म्हण."

"थांब, क्लच..."

"हात सोड म्हणतो ना!"

त्याला सोडायचाच होता. सुटेना. आता बोटांवरही बोटं होती. घट्ट. हाडं करकरली. गाडी थडग्यांपुढे रांगत होती. काय धरलंय ते बघायला एसेनगुलने मान डावीकडे खाली घातली...

आणि उजवीकडून पाना आला.

हातभर लांबीचा. डोकं होतं तिथून गेला. टाकीवर आदळला. पत्रा फाटला. ओरोझ पाळण्यात उभा होता, दात ओठांत रुतवून. पाना पुन्हा वर गेला.

तेव्हा एसेनगुलला कळलं. कालीबेकचे दोन्ही हात तोंडावर होते. तेव्हाच...

खट्.

त्याचा पाय जागेवर होता. गिअर आपोआप पडला. दांडा आपोआप सुटला. गाडीने लाथ मारल्यासारखी झेप घेतली. ओरोझ मागे कोसळला. बूट पाळण्याच्या दांडीत अडकला. डोकं रस्त्यावर.

"बायके... थांबव...!"

एसेनगुल ब्रेकवर उभा राहिला. ब्रेक लागेना. दगड. मग दगड. मग पुन्हा दगड. ओरड मधेच तुटली. पुढे नुसता ओला आवाज...

गाडी थांबली. इंजिन चालू. गिअर न्यूट्रलमध्ये. समोर कालीबेकचं थडगं.

...

लोक आले तेव्हा ओरोझ जिवंत होता. बोलायला जबडा नव्हता. गाडीकडे बोट दाखवत होता... पहाटे बोट खाली आलं. वर्षाच्या जेवणाची मेंढरं त्याच्याही कामी आली.

गाडी कुणी घेईना. मूळची ती कालीबेकची, त्याच्या बायकोने ती एसेनगुललाच दिली. आठ दिवसांनी त्याने तेल बदललं, ओढणीतून गाळलं. नवं तेल त्याने स्वतःच्या हाताने भरलं होतं. झाकणाचे बोल्ट कुणी हलवले नव्हते.

ओढणीत काहीतरी टणकन पडलं. सोन्याचा दात.

त्याने तो गुपचूप कालीबेकच्या थडग्यात, कोपरभर खोल पुरला. वर दगड ठेवला. दोन्ही हातांनी ओमीन केलं.

वसंतात पुन्हा तेल बदललं.

टण्.

आता एसेनगुल तेल बदलत नाही.