मास्कमधली वाफ

वहिनींचा फोन आला तो दिवस अगदी साधा होता. याच खोलीत मी तुमच्या आधीच्या तुकडीला ऑक्सिजनच्या मास्कची पट्टी कशी आवळायची ते दाखवत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. पहाटे. खुर्चीतच."

मी तास सोडला नाही. पट्टी आवळून दाखवली, एकेकाकडून करून घेतली आणि मग निघालो.

'हे' म्हणजे आमचा पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा किडकिडीत, म्हणून पैलवान. आम्ही दोघे एकाच दिवशी अँब्युलन्सवर लागलो. शेवटची काही वर्षं तो रात्री आडवा होत नसे. का, ते सांगतो. दार लोटून घ्या जरा. गाडीला कॉल आला तर घंटा ऐकू येईलच.

"भुताची आहे का, सर?"

"चष्मिस, तू गप्प बस. त्याने मला जशी सांगितली तशी सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

नोव्हेंबरातला मंगळवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. कॉल होता एका म्हातारीचा. हृदय दुबळं, पाय सुजलेले, संध्याकाळपासून धाप. गाडी दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेली, त्यामुळे पोचायला फार उशीर झाला. जुनी इमारत, पाचवा मजला. दार मुलाने उघडलं. चेहरा ओशाळलेला.

"उगाच त्रास दिला तुम्हाला. आता शांत झोपलीय. फार तळमळत होती, म्हणून उशा काढून सरळ आडवी केली. मग गप्प झाली."

आता सांगा, अशा पेशंटला आडवं केलं की काय होतं?

"फुप्फुसात पाणी चढतं, सर. माणूस... आतल्या आत बुडतो."

बरोबर. तुम्हाला ते माहीत आहे. त्या पोराला कुठून असणार? आपल्या आईला आराम पडावा म्हणूनच त्याने केलं होतं. पैलवान त्याला बाजूला सारून आत धावला.

म्हातारी पलंगाच्या कडेला बसलेली होती. पाय खाली सोडून. ताठ.

मुलगा दारातच थबकला. "ही उठली कधी?"

पैलवानाने मास्क लावला. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, पण आकडा येईना. बोटं गार असली की यंत्र आकडा दाखवत नाही, हे तुम्हाला शिकवलंय. त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याने ते मनावर घेतलं नाही. तिने त्याचं मनगट पकडलं होतं, त्याच्याकडे बघत होती. बघणाऱ्या माणसाची नाडी कोण शोधत बसतं?

"मला आडवं करू नका," ती म्हणाली.

"नाही करत, आजी. मी आहे ना. हा मास्क काढायचा नाही, एवढं ऐका माझं."

लिफ्ट एवढीशी. चाकांची खुर्ची आणि एक माणूस, बस्स. ड्रायव्हर आणि मुलगा बॅग घेऊन जिन्याने निघाले. जाता जाता ड्रायव्हर म्हणालासुद्धा, "पैलवान, तू आहेस म्हणून मावतंय. मी असतो तर आजींना जिन्याने चालावं लागलं असतं."

दार लागलं. लिफ्ट हलली. दोन मजले उतरली असेल.

थांबली. दिवा गेला.

पैलवानाने घंटेचं बटण दाबलं. घंटा वाजली नाही. मोबाइल खाली गाडीत, चार्जिंगला. त्याने दारावर थापा मारल्या. वरून ड्रायव्हरचा आवाज आला, "लाइट गेलीय! माणूस आणतो!" मग पावलं जिन्यात विरली.

अंधार असा, की डोळे मिटले काय नि उघडले काय. खुर्चीचं चाक त्याच्या नडगीला टेकलेलं, पाठ दाराला. वळायला जागा नाही. फक्त सिलिंडरची सूं सूं. तो धाकटा सिलिंडर... किती वेळ पुरतो, तुम्हाला माहीत आहे.

"आजी, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे."

"हळूहळू श्वास घ्या."

"घेते."

तो बोलत राहिला. घरचं, पोरांचं, काहीबाही. ती हुंकार देत राहिली. मनगट सोडलं नव्हतं. बोटं गार. आणि आता... घट्ट.

मग सूं सूं बारीक झाली.

आणि थांबली.

ऑक्सिजन संपला होता. नुसता मास्क तोंडावर ठेवायचा नसतो. काढायलाच हवा. त्याने चाचपडत हात नेला.

"काढू नका."

"आजी, यातून आता काही येत नाहीये..."

"काढायचा नाही. तुम्हीच म्हणालात."

त्याने हात मागे घेतला. कान दिला. श्वास येत होता. संथ. धाप नाही, घरघर नाही. निरोगी माणसाचा असावा तसा. आत... बाहेर... आत...

पैलवान मला म्हणाला, "अरे, बुडणारं माणूस असा श्वास घेत नाही. मी तेव्हाच ओळखलं. पण जाणार कुठे?"

किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नाही. दिवा आला. लिफ्ट खाली उतरली. दार उघडलं.

ड्रायव्हर आत बघत राहिला. मुलगाही.

म्हातारीची मान एका बाजूला कललेली. डोळे अर्धवट उघडे. पैलवानाच्या मनगटावरची बोटं दोघांनी मिळून सोडवली... एकेक करून.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला. घट्ट मिटलेला. मानही आखडलेली. ते म्हणाले, "ह्या तुम्ही त्यांच्या घरी पोचण्याआधीच गेलेल्या असणार. तुम्ही मास्क कुणाला लावलात?"

त्या रात्रीपासून पैलवान आडवा झाला, की डोळा लागता लागता गार बोटं मनगट धरायची आणि त्याला उठवून बसवायची. शेवटी त्याने पलंग सोडला आणि खुर्ची धरली.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मला एक पिशवी दिली. दाबून बंद होते ना, तसली प्लास्टिकची. "तुमच्याकडेच द्यायची म्हणून सांगून गेले," म्हणाल्या. आत तो मास्क. तिचा.

"सर... कुठे आहे तो?"

तुझ्या मागच्या कपाटात. खालच्या कप्प्यात. बसा, बसा. उठू नका.

इतकी वर्षं पिशवी बंद आहे. आत हवा शिरायला वाट नाही. पण मास्कच्या आतल्या बाजूला वाफ धरते. विरते. पुन्हा धरते. मी घड्याळ लावून बघितलेलं नाही. बघायचंही नाही.

श्वास चालू आहे तोवर मास्क काढायचा नाही, हे मीच तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवतो.

ती पिशवी टाकून द्यायची अजून राहिली आहे.