मागचा उचलेल

सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी, देवगडपासून सुमारे चार सागरी मैलांवर, सुहास मगदूम 'टिटवी' या शिडाच्या नौकेवरून समुद्रात पडला. वय चौतीस, अंगात लाइफ जॅकेट. नौका थांबली नाही.

नौकेवर त्याचा थोरला भाऊ उमेश आणि वहिनी अश्विनी होती. इचलकरंजीचे हे तिघे विजयदुर्ग खाडीतल्या शीड क्लबाकडून पाच दिवसांसाठी 'टिटवी' घेऊन मालवणकडे निघाले होते. तिघांपैकी कोणालाही शिडाची नौका हाकता येत नव्हती. त्याची गरजही नव्हती. सुकाणूवर हरेश्वर कुबल यांचा हात होता.

कुबल स्वतः, वय एकाहत्तर, त्या वेळी क्लबाच्या ओट्यावर फाटलेले शीड शिवत बसले होते.

हस्तस्मृती नावाची ही व्यवस्था क्लबात येऊन सहा वर्षे झाली. सुकाणूच्या दांड्यात बसवलेले संवेदक नावाड्याच्या तळहाताचा दाब टिपतात. वारा, लाट आणि नौकेचा कल यांच्याशी तो दाब जोडून ठेवतात. कुबलांचा हात सलग तीन हंगाम, एकूण चाळीस शर्यतींत टिपला गेला. नंतर तो क्लबाच्या नऊही नौकांवर चढवण्यात आला. माणूस नसला तरी दांडा हलू लागला, अगदी कुबल हलवतील तसा. दोऱ्या ओढणाऱ्या मोटारीही त्याच हाताचे ऐकू लागल्या.

सुहास सकाळपासून त्या दांड्याला 'काका' म्हणत होता. "काका, जरा दमानं घ्या. वहिनीचे पोहे वर यायला लागलेत." अश्विनीने त्याला ओला टॉवेल फेकून मारला. तोच टॉवेल वाळत घालायला तो कठड्यापाशी गेला असताना बाजूने लाट आली.

नौकेला तो पडल्याचे कळले होते. पडद्यावर दोन ओळी उमटल्या: वजन कमी झाले, मार्ग कायम. मागील नौकेस सूचना पाठवली.

मागे नौका नव्हती.

उमेशने दांडा दोन्ही हातांनी ओढला. दांडा थोडा सरकला आणि परत जागेवर आला. घाबरलेल्या नवशिक्याचे झटके सौम्यपणे परतवायचे, हेही तो शिकलेला होता. या झटापटीत सात मिनिटे गेली. मग अश्विनीला वायरलेस सापडला आणि तिने क्लबाला हाक दिली.

"अहो, वळतच नाही हे! भाऊ पडलाय माझा!" मागून उमेश ओरडत होता.

क्लबाच्या सचिव नीरजा खोत यांनी तटरक्षक दलाला कळवले आणि ओट्याकडे धावल्या. "हरीकाका, टिटवीवरून माणूस पडलाय. नौका सरळच चाललीय."

"मागे कोण आसा?" कुबलांनी विचारले.

"कोणी नाही. ती एकटीच आहे."

कुबलांच्या हातातली सुई थांबली. "मगे ती फिरूची नाय," ते म्हणाले. "मी तेका तसाच शिकवलंय."

क्लबात पन्नास वर्षांचा एक रिवाज आहे. शर्यतीत माणूस पडला तर त्याच्या नौकेने वळायचे नाही. मागून येणाऱ्या नौकांच्या वाटेत ती आडवी येईल आणि पाण्यातला माणूस दोहोंमध्ये चिरडला जाईल. मागचा उचलेल. चाळीस शर्यतींत कुबलांच्या नौकेवरून तिघे पडले होते. तिन्ही वेळा त्यांचा हात जराही हलला नव्हता आणि तिन्ही माणसे मागच्या नौकांनी उचलली होती. हस्तस्मृतीची परीक्षाही शर्यतीतच झाली. वाळूची गोणी पाण्यात टाकली, मागच्या नौकेने चार मिनिटांत उचलली. उत्तीर्ण असा शेरा नीरजांनीच मारला होता.

"बंद कर तो हात."

"बंद केला तर शीड कोण सांभाळणार? त्यांना काहीच येत नाही, काका."

शिकवणीच्या खोलीत एक सुकाणू होते. नवशिके ते धरून कुबलांचा हात कसा चालतो ते अनुभवत. नीरजांनी ते 'टिटवी'शी जोडले आणि जोडणीची दिशा उलटी केली. इथे जो दांडा धरेल, त्याचा हात आता तिथे चालणार होता. पण आधीचा हात पूर्ण काढला तर मोटारी थांबतील, म्हणून तो राहू द्यावा लागला.

कुबलांनी दांडा धरला. दंडाच्या शिरा टरारल्या.

"काय झालं?"

"माका ढकलता हा." कुबलांनी दात आवळले. "सोड रे. मागे कोण नाय. सोड!"

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी 'टिटवी' वळली. तोवर ती पडल्या जागेपासून जवळपास दोन सागरी मैल पुढे आली होती. वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात तिला तिथे पोचायला बारा वाजून गेले. वायरलेसवर अश्विनीचा आवाज आला, "इथं नुसता टॉवेल तरंगतोय. काका, ऐकताय ना? दुसरं काहीच नाही."

"बघत ऱ्हवा, बाय. मी फेऱ्या मारतंय," कुबल म्हणाले.

एक वाजता तटरक्षक दलाची बोट पोचली. त्यांचा एक माणूस 'टिटवी'वर चढला, तेव्हा कुबलांनी दांडा सोडला. ओहोटीने माणूस कुठेही गेला असेल, जितक्या नौका मिळतील तितक्या पाठवा, असे वायरलेसवर सांगण्यात आले. क्लबाच्या अंगणात तेवीस सदस्य जमले होते. बाकीच्या आठही नौका धक्क्याला होत्या.

"हात काढून टाकलाय," नीरजा म्हणाल्या. "स्वतः कोण कोण चालवेल?"

कुबल धरून चौघे पुढे आले. सर्वांत लहान बावन्न वर्षांचा. ओंकार परुळेकर, गेल्या तीन वर्षांचा शर्यतविजेता, मागेच उभा राहिला.

"तू रे? चषक मिरवतस तो?" कुबलांनी विचारले.

"हाताशिवाय मी खाडीबाहेर कधी गेलोच नाही."

"चल माझ्याबरोबर. दोऱ्या तू ओढ."

पावणेदोनला चार नौका बाहेर पडल्या. चार धक्क्यालाच राहिल्या.

सायंकाळी पाच पस्तीसला शोधात सामील झालेल्या एका ट्रॉलरने कळवले: पडल्या जागेच्या नैऋत्येला तीन मैलांवर शिट्टी ऐकू आली, दोनदा. लाइफ जॅकेटला शिट्टी असते. पुन्हा ऐकू यावी म्हणून ट्रॉलरने इंजिन बंद केले. कुबलांची नौका तिथून सर्वांत जवळ, पाऊण तासाच्या अंतरावर होती. सूर्य सहाला मावळला. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत तिसरी शिट्टी ऐकू आलेली नाही.